धर्म ओळखणारी गाडी

आमच्या घरी एके काळी एक गाडी होती आणि तिला माणसांचा धर्म कळत असे.

यारोन, माया, हसू नका. ही गोष्ट पेणला, रामवाडीच्या एका गॅरेजात चारचौघांसमोर सिद्ध झालेली आहे. हिंदू माणूस चढला की गाडी मांजरीसारखी गुरगुरत उभी राहायची. आपल्यापैकी, म्हणजे कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंपैकी, कुणी चढलं की अंगात आल्यासारखी किंचाळायची! (तुमची आई हे वाचून दाखवताना इथंच थांबेल आणि "हे काय लिहिलंय आईनं!" असं म्हणेल. तिला सांगा, वाच पुढं. तुझ्याच लग्नाची गोष्ट आहे.)

नव्वदच्या दशकात पेणमध्ये आपली मोजकीच घरं उरली होती. बाकीचे इस्राएलला गेले होते, किंवा जायचे म्हणून भांडी विकत होते. अशा वेळी तुमचे आजोबा सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. लोकांनी विचारलं, "काय आब्राहमभाऊ, आता तुम्ही पण इस्राएलला?"

"आधी मुरुड-जंजिरा बघतो," आजोबा म्हणाले. "सगळा जन्म पेणमध्ये गेला. दुसऱ्या देशात जाऊन आपला जिल्हा कसा आहे विचारलं, तर काय सांगू?"

आणि जिल्हा बघायला त्यांनी एका कारखान्याच्या लिलावातून गाडी आणली. गाडी कसली, जुनी अ‍ॅम्ब्युलन्स! पांढरा रंग पिवळा पडलेला, आणि दोन्ही बाजूंना पुसलेल्या लाल क्रॉसची सावली. मी दारातच उभी राहिले.

"अहो, आपल्या दारात क्रॉस?"

"दोन हात निळा मारला की जाईल."

दोन हात मारूनही तो गेला नाही. निळ्यातून नुसता जांभळा दिसू लागला. पण आजोबांचा उत्साह दांडगा. स्ट्रेचरच्या जागी पलंग आला, ऑक्सिजनच्या नळकांड्याच्या जागी छोटी शेगडी, हात धुवायच्या भांड्याखाली प्लॅस्टिकची बादली ठेवून मोरी तयार झाली. औषधांच्या कपाटात मी डाळ-तांदूळ भरले आणि प्रत्येक डब्यावर माझ्या वळणदार इंग्रजी अक्षरात पट्टी चिकटवली. (तुमची आई म्हणते, मी मिठाच्या डब्यावरही पट्टी लावते, आणि मीठ संपलं तर 'रिकामा' अशी दुसरी. हे खोटं आहे. ती पट्टी मी फक्त साखरेला लावते.) रस्त्यात लोक आम्हाला घाईघाईनं वाट द्यायचे. आजोबा त्यांना खिडकीतून हात करायचे. लोकांना वाटायचं, पेशंट बरा झाला!

आता प्रश्न आला मेझुझाचा. तुमच्याही दारावर ती आहे: चौकटीवर तिरकी लावलेली बोटभर नळी, आत शास्त्रवचनाची गुंडाळी. आपण येता-जाता तिला बोटं लावतो आणि बोटं ओठांना. मी आजोबांना म्हटलं, "गाडीला मेझुझा लावायला हवी."

"गाडीला? मग माझ्या सायकलीलाही लाव. छत्रीला पण लाव."

"छत्रीत कुणी झोपत नाही. जिथं बिछाना आहे, चूल आहे, मोरी आहे, ते घर. आणि घर म्हटलं की चौकट आली."

"अगं, ती गाडी आहे!"

"मग काल रात्री आपण कशात झोपलो होतो?"

यावर त्यांनी मानेवर चापट मारून एक डास मारला; काल रात्री डासांमुळं ते झोपलेच नव्हते.

मी कामाला लागले. घरातली प्रत्येक मेझुझा मी स्वतः, पट्टी धरून, एका उंचीवर लावलेली होती. त्यांच्याबरोबर मिळणारे ते नाजूक खिळे मला कधीच पटले नाहीत. गाडीनं तर खड्ड्यांतून जायचं! मी माझ्या स्क्रूच्या बरण्यांमधून पितळेचा चांगला दोन इंची स्क्रू निवडला. ड्रायव्हरचं दार कधीच जाम झालेलं, चढउतार सगळ्यांचा मधल्याच दारातून; त्या दाराच्या चौकटीला आतल्या अंगानं प्लायवूड होतं. तिथं जागा आखली आणि स्क्रूड्रायव्हर फिरवायला सुरुवात केली. सुरुवातीला जड गेलं. मग शेवटचे फेरे लोण्यात फिरावेत तसे फिरले. मी मनात म्हटलं, हाताला सवय झाली की काम असं सोपं होतं!

दुसऱ्या दिवसापासून गाडी वेडी झाली.

उभी गाडी, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही, अशा वेळी इंजिन ज्या चालीनं गुरगुरतं तिला मिस्त्री लोक 'स्लो' म्हणतात. आमच्या गाडीचा स्लो कधी स्लो असायचा आणि कधी एकदम "भोंऽऽऽ" करून असा चढायचा, की शेजारच्या सुमनकाकूंच्या कपाटातल्या बशा वाजायच्या. थोड्या वेळानं आपोआप शांत. मग पुन्हा भोंऽऽऽ! आजोबा बाजारात गाडी उभी करून मला हाक मारायचे, मी पिशव्या घेऊन चढायचे, आणि मासळीवाल्या कोळणी ओरडायच्या, "ए बाबा, जा रं हितनं! आमचं बोंबील उरून जातील!"

गाडी रामवाडीला तुका मिस्त्रीकडं गेली. तुका माझा जुना विद्यार्थी. सातवीत त्याला इंग्रजीत मी नापास केलं होतं आणि तेव्हापासून तो माझ्याशी फारच आदरानं वागायचा. त्यानं इंजिनात डोकं घातलं.

"बाई, ही कुठंतरी एअर घेते. इंजिनाला मापातली हवा लागते. चोरून जास्तीची घुसली की ते उगाच पळत सुटतं."

"मग शोध कुठून घुसते ते."

त्यानं कार्बोरेटर धुतला. चोक तपासला. केबल बदलली. गॅस्केट बदललं. मग इंजिनापासून गाडीच्या पोटाखालून मागं गेलेली एक जाड रबरी नळी त्याला दिसली.

"आब्राहमशेट, ही कुठं जाते?"

"ती दवाखान्याची. पेशंटच्या घशातलं ओढून काढायचं यंत्र होतं, ते इंजिनाच्या ओढीवर चालायचं. यंत्र गेलं, नळी भिंतीत राहिली. तिचं तोंड मी स्वतः बूच मारून बंद केलंय."

तुकानं पलंगामागं जाऊन बूच पाहिलं. घट्ट होतं. आजोबांनी मारलेलं बूच जगात कुणाला निघत नाही. लोणच्याच्या बरण्या मी त्यांच्या हाती देत नाही त्या यासाठीच. नळी निर्दोष सुटली.

मग तुका एकटा गाडी घेऊन धरमतरच्या खाडीपर्यंत जाऊन आला.

"बाई, ए-वन. कायपन नाय. लोन्यासारखी चालते."

"बघू," म्हणून मी चढले. भोंऽऽऽ!

तुका दचकून उतरला. गाडी शांत झाल्यावर परत चढला. काही नाही. मला उतरवलं, पुन्हा चढवलं. भोंऽऽऽ!

तुकानं आजोबांना बाजूला नेलं. तो हळू बोलतोय असं त्याला वाटत होतं. "शेट, रागावू नका... वजनाचा प्रॉब्लेम हाय."

"कोणाच्या?"

तुका नुसता माझ्याकडं बघून आदरानं हसला.

आता हा आरोप शास्त्रीय पद्धतीनं खोडून काढणं मला भाग होतं. तुकाच्या मेव्हण्याचं मिठागर होतं. तिथल्या मिठाच्या गोण्या मागवल्या आणि गाडीत भरल्या. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे वाकले, गाडी जमिनीला टेकायला आली, पण इंजिन गुरगुरतच राहिलं. गोण्या उतरवल्या. मी एकटी चढले. भोंऽऽऽ!

 गोण्या वाहणाऱ्या गड्यानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की मी रात्री पोळ्या कमी खाल्ल्या.

"वजन नाय," तुकानं निकाल दिला. "पायगुन हाय."

मग चाचण्या सुरू झाल्या. सुमनकाकूंना चढवलं. काही नाही. गोणीवाला चढला. काही नाही. तुमची आई, म्हणजे आमची रूथ, कॉलेजातून येत होती, तिला चढवलं. भोंऽऽऽ! आजोबा चढले. भोंऽऽऽ!

"बगा!" तुका म्हणाला. "हिंदू चढला का कायच नाय. इस्राएल चढला का रेस धरते! बाई, ही गारी धरम वलकते!"

"पण एक सांगू?" आजोबा म्हणाले. "मी एकटा जातो ना, वडखळला, कुठं, तेव्हा ती एकदाही ओरडलेली नाही. ही बरोबर असली की ओरडते." त्यांनी विजयी मुद्रेनं माझ्याकडं पाहिलं. "गाडी हिला घाबरते. मला समजतं तिचं दुःख."

तुकाचं म्हणणं पडलं, नारळ फोडा. सुमनकाकूंचं म्हणणं पडलं, लिंबू-मिरची बांधा. मी इंग्रजी माध्यमात शिकलेली बाई; मी माझा स्वतःचा सिद्धान्त मांडला, की नायलॉनच्या साडीतून वीज निर्माण होते आणि ती इंजिनात शिरते. म्हणून मी भर उन्हाळ्यात जाड खादी नेसून गाडीत चढले. भोंऽऽऽ! (आजोबा अनवाणी चढूनही भोंऽऽऽ. नायलॉन ते नेसतच नसत, हे माझ्या नंतर लक्षात आलं.)

आणि नेमक्या याच दिवसांत सिपोराबाई आमच्याकडं यायच्या होत्या.

सिपोराबाई म्हणजे तुमची रोह्याची आजी. त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे तुमचे बाबा, रोह्याला कंपनीत होता. एका घरच्या मलिद्याच्या विधीला रूथनं त्याला पाहिलं, त्यानं रूथला पाहिलं, आणि पोह्या-नारळाच्या त्या प्रसादाकडं दोघांनीही पाहिलं नाही. आम्हाला मुलगा पसंत होता. मुलाला मुलगी पसंत होती. राहिल्या फक्त सिपोराबाई. त्यांनी आतापर्यंत बऱ्याच मुली नाकारल्या होत्या. एक दिवे लावताना बोलली म्हणून, एक जेवताना हसली म्हणून, आणि एकीच्या घरची मेझुझा धुळीनं माखलेली होती म्हणून! रूथ मला म्हणाली होती, "आई, यांनी नाही म्हटलं तर मी दुसऱ्या कुणाशीही लग्न करणार नाही. आणि हा आईच्या शब्दाबाहेर जाणार नाही." म्हणजे सगळं एका बाईच्या एका होकारावर टांगलेलं.

त्या शुक्रवारी सकाळच्या एसटीनं आल्या. दुपारच्या एसटीनं परत जायचं, कारण संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत रोह्याला घरी शब्बाथचे दिवे लागायला हवेत. एकदा सूर्य बुडाला की विस्तव पेटवायचा नाही, गाडीत बसायचं नाही. सिपोराबाईंनी जन्मात शब्बाथ मोडला नव्हता.

सगळं छान चाललं होतं. आमच्या प्रत्येक दारातल्या मेझुझाला त्यांनी हात लावला आणि म्हणाल्या, "सगळ्या एका रेषेत आहेत हो!"

"पट्टी धरून लावल्यात. दोन इंची स्क्रूनं," मी फुलून म्हणाले. आणि त्या उत्साहात त्यांना माझी कपाटं दाखवायला घेतली. धान्य, कडधान्य, पिठं, सगळ्यांवर पट्ट्या. आम्ही मसाल्यांपर्यंत आलो तेव्हा दुपारची एसटी वडखळच्या पुढं गेलेली होती.

सिपोराबाई मटकन खाली बसल्या. "आता? पुढची एसटी रोह्याला पोचेतो दिवेलागण टळेल!"

"काळजी करू नका विहीणबाई," आजोबा म्हणाले. "गाडी आहे ना आपली!"

"विहीणबाई कुणाला म्हणता? मी अजून हो म्हटलेलं नाही!" आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेचा अर्थ असा, की आज दिवे चुकले, तर ते कुणाच्या मसाल्यांमुळं चुकले हे रोह्यात सगळ्यांना कळेल.

गाडी तुकानं आदल्याच दिवशी "आता शंबर टक्के" म्हणून परत दिली होती. आजोबांनी ती चालू केली. मांजरीसारखी गुरगुर.  आजोबा एका उडीत खाली उतरून अदबीनं दार धरून उभे राहिले. सिपोराबाई पायरीवर चढल्या. मेझुझा दिसताच त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी आपल्यासारखी नुसती बोटं टेकवली नाहीत. अख्खा तळहात तिच्यावर दाबला, डोळे मिटले आणि पुटपुटू लागल्या.

भोंऽऽऽऽऽऽ!

"आब्राहमभाऊ! पाय काढा हो!"

"पाय इथं बाहेर आहेत माझे!" आजोबा दाराशी उभे राहून ओरडले.

सिपोराबाईंनी ड्रायव्हरच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. "मग... चालवतंय कोण?"

 तेवढ्यात तुमची आई, जिची जीभ लहानपणापासून तिच्या पुढं चालते, म्हणाली, "एलियाहू हन्नाबी असतील, मावशी."

 आपल्या लोकांची श्रद्धा आहे, की एलियाहू संदेष्टे अग्निरथातून स्वर्गात गेले आणि जाताना त्यांचा रथ आपल्या कोकणात टेकला. पण त्या रथाला पेट्रोल लागल्याचं कुठंही लिहिलेलं नाही! मी रूथला चिमटा काढणार, तोच पाहते तर काय, सिपोराबाईंनी डोक्यावर पदर घेतला होता आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बसा सगळे," त्या म्हणाल्या. "खोळंबा करू नका त्यांचा."

निघालो. सिपोराबाई दाराजवळच्या बाकावर, हात मेझुझावर. तो हात त्यांनी काढलाच नाही! त्यामुळं आजवर थांबून थांबून किंचाळणारी गाडी आता अखंड किंचाळू लागली. वडखळला ट्रकवाले वाकून बघत होते. आजोबांनी पेणपासून अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावलेला नव्हता.

"आब्राहमभाऊ, तुम्ही चालवताय ना?"

"नाही हो! मी फक्त थांबवतोय!"

नागोठण्याला पोचेपर्यंत इंजिन इतकं तापलं, की आंबा नदीच्या पुलाजवळ थांबून त्याला पाणी पाजावं लागलं. सिपोराबाई उतरल्या, हातपाय धुतले आणि माझ्या कानाशी आल्या.

"हन्नाबाई, मी फार मुली पाहिल्या. पण असा संकेत कुठं झाला नाही. मुलगी आमची झाली असं समजा. दिवे लावले की घरी सगळ्यांसमोर बोलते."

बाळांनो, मला ठाऊक होतं की इंजिन कुठून तरी चोरटी हवा घेतंय. आणि माझी मुलगी सुखानं नांदणार होती, ती त्या हवेच्या जोरावर! माझ्या इंग्रजी शिक्षणानं बोलायला तोंड उघडलं, पण मी त्याच्यावर हात ठेवला. म्हटलं, एलियाहूंनी कार्बोरेटरमधून बोलूच नये, असं तरी कुठं लिहिलंय?

पुन्हा चढल्या, पुन्हा तळहात, पुन्हा भोंऽऽऽ. भिसे खिंडीचा चढ लागला. चढावर गाडी अशी सुटली, की आजोबा पुढच्या एसटीला ओव्हरटेक करून गेले आणि एसटीतल्या लोकांनी, अ‍ॅम्ब्युलन्स बघून, हात जोडले. आणि खिंडीच्या माथ्यावर आला खड्डा.

गाडी उडाली. आम्ही उडालो. सिपोराबाईंनी आधारासाठी हाती होतं ते दोन्ही हातांनी धरलं, आणि काडकन आवाज झाला. इंजिन एकदाच किंचाळलं, खोकलं आणि बंद पडलं.

सिपोराबाई हातात मेझुझा घेऊन बसल्या होत्या. मेझुझामागं माझा दोन इंची स्क्रू, आणि त्याच्याभोवती प्लायवूडचा एक टवका.

"निघाली!" त्या पांढऱ्याफटक पडल्या. "हातात आली! रथ थांबला!"

बाहेर सूर्य डोंगरावर टेकायच्या बेतात. आजोबांनी पुन्हा किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं, आणि दाराच्या चौकटीतल्या भोकातून आवाज आला: शीऽऽऽऽ! आजोबा उठून मागं आले. चौकटीला कान लावला. मग भोकात बोट घालून आत दाबलं. इंजिन शांत. बोट काढलं. भोंऽऽऽ! दाबलं. शांत. काढलं. भोंऽऽऽ!

माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "हन्ना, स्क्रू किती इंची होता?"

"...दोन."

"आणि यामागून दवाखान्याची नळी वर गेलीय."

"हो का?"

"तू तिला टोचलंस. स्क्रू भोकात गप्प बसला की गाडी गप्प. कुणी मेझुझाला हात लावला, की स्क्रू हलणार आणि हवा आत घुसणार!" त्यांचा आवाज चढत गेला. "तुका लावत नाही हात! सुमनकाकू लावत नाहीत! मिठाच्या गोण्या लावत नाहीत! आपण लावतो! महिनाभर मी गॅरेजात पडून आहे, आणि ही बाई खादी नेसून मला शास्त्र शिकवतेय!"

मी अगदी लहान झाले. इतकी, की तुकाच्या वजनाच्या सिद्धान्ताला तिथंच मूठमाती मिळाली असती. पण पंचवीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई हरली तरी चुका काढायची थांबत नाही. माझ्या डोक्यात काहीतरी जुळलं.

"अहो, पण तुम्ही तर म्हणाला होतात, तुम्ही एकटे जाता तेव्हा गाडी कधीच ओरडत नाही?"

"नाहीच ओरडत! एकदाही..." आजोबा म्हणाले, आणि थांबले.

"एकदाही नाही," मी म्हटलं.

सिपोराबाईंनी हळूच मान वळवून आजोबांकडं पाहिलं. "म्हणजे आब्राहमभाऊ, ह्या बरोबर नसल्या, की तुम्ही मेझुझाला हातच लावत नाही?"

"लावतो ना!" आजोबा म्हणाले. "मनातल्या मनात लावतो."

खिंडीत भयाण शांतता पसरली. म्हणजे इंजिन सोडून बाकी सगळी शांतता. ते भोंऽऽऽ करतच होतं.

"भांडण रोह्यात करा!" सिपोराबाई एकदम कडाडल्या. "सूर्य बघा कुठं आलाय! आधी ते भोक बुजवा!"

"स्क्रू परत लावू?" मी विचारलं.

"नको!" तिघंही ओरडले.

माझ्या सगळ्या पट्टीवाल्या डब्यांत बूच म्हणून काही नव्हतं. अखेर निकाल लागला, की भोक जिनं पाडलं तिनंच बुजवायचं. चौकटीशी कंबरेत वाकून मी माझा अंगठा आत घातला. इंजिन तो असा ओढून घेत होतं, जणू कोकरू आचळ ओढतंय. खिंड उतरू लागलो. प्रत्येक खड्ड्याला माझं डोकं छताला आणि अंगठा नळीला!

सिपोराबाई मेझुझा मांडीवर घेऊन बसल्या होत्या.  मग म्हणाल्या, "म्हणजे संकेत वगैरे काही नव्हताच."

 त्या संकेताच्या भोकात माझाच अंगठा अडकला होता.

"मला एकच सांगा," त्या म्हणाल्या. "मुलगी कुणावर गेलीय? आईवर की बापावर?"

आता सांगा! बापावर म्हणावं, तर बाप देवाला मनातल्या मनात हात लावतो. आईवर म्हणावं, तर आई देवाच्या नावानं भोकं पाडते. आजोबांनी आरशातून माझ्याकडं पाहिलं, मी काखेखालून त्यांच्याकडं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा आम्हा दोघांचं एकमत झालं: गप्प बसावं.

रूथ म्हणाली, "मी अजून कुणावरच गेले नाही, मावशी. जागा शिल्लक ठेवलीय. आता तुमच्याकडं आले की तुमच्यावर जाईन."

सिपोराबाईंनी तिच्याकडं टक लावून पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. पण त्या हसत होत्या! जेवताना हसली म्हणून मुलगी नाकारणारी ती बाई, मेझुझा पोटाशी धरून, पदर तोंडात कोंबून हसत होती. डोळे पुसून त्या माझ्याकडं वळल्या.

"हन्नाबाई, अंगठा काढू नका हं. दिवे लावायला माझी सून वेळेवर पोचली पाहिजे."

काढते कसली! रोह्याचा पूल आला, बाजार आला, घर आलं, तरी काढला नाही. त्या दोघी पळत आत गेल्या आणि खिडकीतून मला दिवे लागलेले दिसले. डोंगरामागं अजून लाल कड शिल्लक होती. आजोबा मात्र इंजिन चालूच ठेवून शेजाऱ्यांना गाडीतला पलंग समजावून सांगत होते.

"अहो, बंद करा ती!"

"थांब गं, हे शेगडी विचारतायत!"

शब्बाथ लागल्यामुळं शनिवारी परतता येईना. आम्ही सिपोराबाईंच्या अंगणात गाडीतच झोपलो. म्हणजे ते घर होतं हे सिद्ध झालं, आणि घर म्हणजे मेझुझा आलीच. पण हा मुद्दा मी मांडला तेव्हा आजोबांनी कूस बदलली.

पेणला परतल्यावर तुकानं ती नळी इंजिनापाशीच कापून बंद केली. पाय आपटत हसत होता. "बाई, शाळंत तुमी म्हनायच्या, वरवर काय करू नको, खोलात जा. आता बगा, खोलात गेलं का काय व्हतं!" सातवीचं उट्टं निघालं.

लग्न झालं, तुम्ही झालात, आणि तुम्ही सगळे इस्राएलात अश्दोदला गेलात. मागच्या खेपेला तिथं आले तेव्हा पाहिलं, तुमच्या दारावरची मेझुझा चक्क चिकटपट्टीनं लावलेली आहे, आणि वाकडी! मी काही बोलले नाही. पण त्याचं कारण हे, की विमानतळावरून घरी नेल्यावर तुमची आई सगळ्यात आधी माझी बॅग तपासते. विमानतळावरचे सुरक्षावाले बिचारे बॉम्ब शोधतात. ती स्क्रूड्रायव्हर शोधते. आणि त्यांना कधी काही मिळत नाही, पण तिला दर वेळी मिळतो.